जिभेची खात्री

"तुमचं रक्त आज नको," नर्स म्हणाली. त्याच्या दंडावरचा पट्टा तिने चर्रकन सोडवला आणि पुढच्याला हाक मारली. रक्तदानासाठी कारखान्याच्या कँटीनमधली टेबलं भिंतीला सरकवून तिथे खाटा मांडल्या होत्या, खाटांवर पॅकिंगची मंडळी मुठींची उघडझाप करत पडली होती, आणि हा तिशीही न ओलांडलेला धडधाकट गडी बाही वर करून रांगेबाहेर उभा. नको म्हणजे काय? रक्त काय भाजी आहे, की आजची शिळी निघाली, उद्या ताजी आणा? त्याने तसं विचारलंसुद्धा. मग तिने पट्टा पुन्हा बांधला, या वेळी दुसऱ्या हाताला, आणि पट्टा फुगत गेला तशी तिची मघापासूनची बडबड बंद पडत गेली. "घरी कुणाला आहे का प्रेशर?" तिने आवाज उतरवून विचारलं. "वडलांना होतं." "आता कसे आहेत?" त्याने बाही खाली ओढली, तिने पट्टा गुंडाळून ठेवला. मागून लोडिंगवाला ओरडला, "काय जिभाऊ, रक्तातही मीठ जास्त झालं का?" सगळं कँटीन खिदळलं. तोही हसला, न हसून सांगतो कुणाला! रक्त न देणाऱ्याला बिस्किटं मिळत नाहीत, तरी कुणीतरी दया येऊन पुडा त्याच्या हातात कोंबला. त्याने एक बिस्किट तोंडात टाकलं आणि सवयीने मनाशी नोंद केली, मीठ कमी.

जीभ अधिक भाऊ, जिभाऊ. कारखान्यात त्याचं खरं नाव पगार काढणाऱ्यालाच ठाऊक असेल. पाकिटातली सूपं आणि बाटलीतले सॉस तिथे व्हायचे, आणि प्रत्येक बॅच पुढे जाण्याआधी चवखान्यातून जायची. चवखाना हे नाव कामगारांचं, दारावरची पाटी वेगळीच होती. आत पांढऱ्या भिंती, पांढरे पेले, पेल्यांत कोमट सूप, बाजूला गुळणीचं पाणी आणि थुंकायचं भांडं. घोट घ्यायचा, जिभेवर फिरवायचा, थुंकायचा, आणि सांगायचं. चाखणाऱ्या बाकीच्या दोघांना सांगायला वेळ लागे. ते एकमेकांकडे बघत, पुन्हा घोट घेत. ह्याचं तसं नव्हतं. पेला ओठाला लागला न लागला तोच निकाल तयार. एका बॅचला आंबटपणा कशाने आला हे त्याने टोमॅटोच्या पिंपापर्यंत नेऊन दाखवलं होतं, तेव्हापासून साहेब पाहुण्यांना मुद्दाम चवखान्यात आणायचे आणि त्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणायचे, "ही आमची जीभ." माणसाला हातपाय, पोट, डोकं असतं, त्याला जीभ होती. तिच्यावर घर चालत होतं, आणि खरं सांगायचं तर त्याला तिचा गर्व होता. आपल्यासारखा दुसरा नाही हे ज्याला लहान वयात कळतं त्याचं पुढे कठीणच असतं.

रक्त नाकारलं त्या दिवशी तो घरी पायी गेला. पुलाखालून जाताना वरून गाड्या धडधडत होत्या. ती धडधड पूल संपल्यावरही चालूच राहिली, आणि ती आपल्या कानातली आहे हे कळायला त्याला निम्मी गल्ली जावी लागली. मग तो घाबरला. साधासुधा नाही, लहान मूल घाबरतं तसा. कारण ह्या वाटेच्या शेवटी काय आहे ते त्याने पाहिलं होतं. बाबा जेवायला बसले होते, सुटीची दुपार होती, खिडकीतून टेबलावर ऊन आलं होतं. बाबांनी पहिला घास घेतला, चमचा ताटात आपटला आणि ते म्हणाले, "अळणी." रोजच म्हणत. आई रोज उठे, फळीवरची मिठाची बरणी काढे, आणि पाठमोरीच म्हणे, "घालते हो, घालते." त्या दिवशीही ती तशीच उठली. ती बरणी घेऊन वळली तेव्हा बाबांचा अर्धा चेहरा खाली ओघळला होता आणि चमचा हातातून सुटून मांडीवर पडला होता. ते गेले नाहीत. गेले असते तर बरं, असं पुढे घरातल्या दोघांच्याही मनात कितीदा येऊन गेलं, आणि दोघांनी ते एकमेकांपासून लपवलं. बाबा खाटेवर राहिले आणि त्यांचे सगळे शब्द गेले. सगळे म्हणजे, एक सोडून. तो एक कसा कोण जाणे मागे राहिला. पाणी हवं तर अळणी. कूस बदलायची तर अळणी. दुखतंय, अळणी. पोराला हाक मारायची, त्याच्या डोक्यावरून बरा असलेला हात फिरवायचा, डोळ्यांत पाणी आणायचं आणि म्हणायचं, अळणी. डॉक्टर म्हणाले, असं होतं कधी कधी, जो शब्द तोंडात असतो तोच अडकून बसतो. ते गेल्यापासून घरात तो शब्द कुणी उच्चारला नाही. मीठ कमी आहे म्हणत, फिकं म्हणत, आणि शक्यतो काहीच म्हणत नसत. कारखान्याच्या तक्त्यावरही त्याने मिठाच्या रकान्यात कधी तो शब्द लिहिला नव्हता.

डॉक्टरीणबाई त्याच्याहून फार मोठ्या नव्हत्या. टेबलावर ऐसपैस हात टाकून मैत्रिणीसारख्या बोलायच्या. "वय तुमच्या बाजूने आहे," त्या म्हणाल्या. "एवढ्यात गोळीच्या मागे नको लागायला, आधी तुम्ही तुमच्या बाजूने जोर लावून बघा. चाला. झोपा वेळेवर. वजन थोडं उतरवा. आणि मीठ. दिवसभराचं सगळं मिळून एक छोटा चमचा, तोही सपाट. मोजून घ्या हं, अंदाजाने नको." त्याने मान डोलावली, पण ओठांच्या कोपऱ्यात हसू आलंच. मोजून! हातच्या काकणाला आरसा कशाला? "मी त्यातलाच आहे बाई," तो म्हणाला आणि आपला धंदा सांगितला. त्याही हसल्या. "मग तर सोपंच. सुरुवातीला काही म्हणजे काही चव लागणार नाही, वैताग येईल. पण जीभ शिकते. एखाद्या महिन्यात अशी वेळ येईल की बाहेरचं तोंडात धरवणार नाही, खारट लागेल. तसं झालं की समजा, गाडी रुळावर आली." हे वाक्य त्याने खिशात घालून आणलं. पुढे ज्या दिवसाची तो वाट बघत राहिला तो दिवस हाच, जेव्हा जग खारट लागेल.

घरी आल्याआल्या त्याने आईला सांगितलं, "आजपासून माझं जेवण मी करीन."

"का रे? माझ्या हातचं काय वाईट झालं?"

"वाईट नाही गं. तुझा हात मिठाला सैल आहे."

आई ओट्याशी उभी होती. तिने कढईवरचं झाकण उचललं, आत काही न बघता पुन्हा ठेवलं. वाक्य तोंडातून गेलं आणि त्याला कळलं की आपण काय बोललो. जिभेला हाड नसतं म्हणतात ते उगाच नाही. एवढी वर्षं हेच वाक्य ह्या दोन खोल्यांत न बोललेलं वावरत होतं. बाबांना खाटेवर बघायला आलेल्या आत्याने ते बोलायला तोंड उघडलं होतं आणि चहाच्या घोटाबरोबर गिळलं होतं. शेजारणींच्या नजरेत ते होतं. बरणी घेऊन रोज उठणारी ती, मीठ वाढणारा हात तिचा. आता मुलाने ते सरळ तिच्या पुढ्यात ठेवलं. "बरं," आई म्हणाली. "ते छोटं पातेलं घे. ते तुझं." आणि त्या दिवसापासून त्या पातेल्याला तिने हात लावला नाही. घासायलासुद्धा नाही.

तो झटला, हे कबूल केलंच पाहिजे. पहाटे उठून तलावाभोवती चालू लागला, जिथे म्हातारे एकमेकांचे आजार विचारत फिरत आणि ह्याच्याकडे बघून म्हणत, "अरे तू कुठे आमच्यात?" बस सोडली. चहा निम्म्यावर आणला. मित्रांबरोबर बसणं सोडलं, मित्रांनी चार दिवस चेष्टा केली आणि मग बोलावणंच सोडलं. डाव्या नाकपुडीने श्वास घ्यायचा, उजवीने सोडायचा, हेही खिडकीत बसून केलं. पट्ट्याचं यंत्र विकत आणलं, रोज सकाळी दंड त्याच्या हवाली करायचा आणि आकडे दिसेपर्यंत भिंतीकडे बघत राहायचं. दोन आकडे, एक वरचा, एक खालचा, चाळीतल्या दोन भाडेकरूंसारखे. वरचा तर भांडकुदळच, पण खालचाही काही गरीब गाय नव्हता. कधी वाटे आज जरा नमले, दुसऱ्या दिवशी पुन्हा होते तिथे. आणि संध्याकाळी तो ते छोटं पातेलं चुलीवर ठेवी. बटाटे, गाजर, घेवडा, कधी अंडं, कधी नुसतं पातळ सूप. मिठाची चिमूट उचलताना हात अगदी कृपणाचा करी. चमच्याने चाखून बघे. काही नाही. पाण्यात भिजवलेला कागद. मग डोळ्यांसमोर डॉक्टरीणबाई येत. अगदी वैरी झाला तरी त्याला असं जेवायला घालू नये, असं मनात म्हणत तो अजून कणभर टाके, फक्त घशाखाली उतरावं म्हणून, पुन्हा चाखे, पुन्हा कणभर. शेवटी थांबे तेव्हा ते इतकं बेचव असे की आपण मोठंच तप करतोय याची त्याला खात्री पटे. जिभेची खात्री. दुसरं कोण त्याला फसवणार होतं?

आई पलीकडे बसून आपलं जेवे. दोघांच्या मध्ये टेबलावर मिठाची बरणी नसे, ती फळीवरच राहिली होती. कधी ती विचारी, "जातंय का रे घशाखाली?" तो म्हणे, "ढकलायचं." तिचं घास फिरवणं मंद होई, ती त्याच्या चेहऱ्याकडे बघत राही, डावी बाजू, मग उजवी. त्याला ते कळे. रागही येई आणि रडूही येई, आणि तो पाण्याचा पेला उचलून त्यामागे चेहरा लपवी. तहान फार लागायची त्या दिवसांत. चालतोय ना एवढा, लागणारच, असं तो स्वतःला सांगे. पायातले मोजे काढले की घोट्यांवर त्यांचे खोल वळ उठलेले असत, तेही त्याने चालण्याच्याच खात्यात टाकली.

कारखान्यात एक लहानशी गोष्ट घडली. लॅबवाल्या मॅडम चवखान्याच्या दारात येऊन उभ्या राहिल्या. त्या आत येत नसत, त्यांच्या आणि चवखान्याच्या मध्ये जुनं शीतयुद्ध होतं. "जिभाऊ, तुमची जीभ आणि माझं यंत्र यांचं भांडण लागलंय," त्या म्हणाल्या. "यंत्र म्हणतं मीठ हळूहळू वर चाललंय. तुम्ही प्रत्येक वेळी लिहिता, कमी, वाढवा." तो म्हणाला, "तुमचं यंत्र कधी जेवलंय का, मॅडम?" बाकीचे दोघे हसले. ते हल्ली स्वतःचं काही लिहीतच नसत, ह्याच्या कागदावर बघून लिहीत. साहेबांपर्यंत गेलं तेव्हा साहेबांनीही ह्याचीच बाजू घेतली, "लोक यंत्राने खातात का?" जिंकून तो परत आपल्या स्टुलावर बसला. पेला उचलला आणि काय झालं कोण जाणे, पेला ओठाशी नेईपर्यंत त्याला एकदम वाटलं की ह्या पांढऱ्या खोलीत आपण फार दिवस आहोत, बाहेर काहीतरी बदललंय आणि ते आपल्याला कुणी सांगत नाहीये. त्याने घोट घेतला, फिरवला, थुंकला. डॉक्टरीणबाईंचा महिना केव्हाच उलटला होता. आता हे खारट लागायला हवं होतं. लागत नव्हतं. माझीच जीभ एवढी मठ्ठ का, शिकत का नाही, असं म्हणत त्याने लिहिलं, मीठ कमी.

जेवणाच्या सुटीत तो स्टुलावरच टेबलाला कान टेकून पडायचा. लाकडातून ठोके ऐकू यायचे, कुणीतरी पलीकडून सावकाश दार ठोठावत असावं तसे. कोण आहे ते त्याला ठाऊक होतं. तो मनातल्या मनात शब्द म्हणून बघायचा. खिडकी. पेला. चप्पल. आत्या. सोमवार. सगळे जागेवर असत. मग हळूच तो एक शब्द आपणहून वर यायचा, बोलावला नसताना. तो घाईने उठून गुळणी करायचा.

डॉक्टरीणबाईंनी पट्टा सोडला आणि या वेळी हात टेबलावर ऐसपैस टाकले नाहीत. "वाढलंय," त्या म्हणाल्या. "चालता ना?" चालतो. "झोप?" बरी आहे. "मिठाचं काय?" तेव्हा त्याचा आवाज चढला. मिठाचं मला विचारू नका, मी जे खातो ते तुम्ही एक वेळ खाऊन दाखवा, असं काहीतरी तो बोलून गेला. त्यांनी ऐकून घेतलं. मग त्या सावकाश म्हणाल्या की मीठ एवढं तोडूनही प्रेशर उतरत नसेल तर आत कुठे काही बिघाड आहे का बघावं लागेल, मूत्रपिंडं, त्यांच्या रक्तवाहिन्या. तपासण्या लिहून देते. आणि गोळी आता सुरू करायचीच, आजपासून. "वडील कितव्या वर्षी पडले होते तुमचे?" त्याने सांगितलं. त्यांनी ते लिहून घेतलं आणि पेनाचं टोपण लावलं. आत काहीतरी बिघाड आहे, एवढंच घेऊन तो जिना उतरला. म्हणजे एवढं सगळं केलं ते पाण्यात. म्हणजे ते ठरलेलंच होतं, रक्तातूनच आलेलं, बाबांच्या खाटेवरून उठून सरळ त्याच्यापर्यंत चालत आलेलं.

दुसऱ्या दिवशी सुटी होती. आकाश स्वच्छ होतं, खिडकीतून टेबलावर ऊन आलं होतं. त्याने छोटं पातेलं समोर ओढलं, बटाट्याचं सूप ताटलीत ओतलं आणि पहिला चमचा तोंडात घातला. कागद. ओला कागद. एवढे दिवस गिळलेले सगळे कागद एकदम घशाशी आले. त्याने चमचा ताटलीत आपटला.

"अळणी!" तो ओरडला. "अळणी खाऊनच मरायचं का मी? अळणी!"

आई उठली. तिला उठताना बघून त्याच्या अंगावर सर्रकन काटा आला, कारण ती विचार करून उठली नव्हती. तिचे पाय उठले होते. ती फळीपाशी गेली, टाचा उंचावून बरणी काढली आणि पाठमोरीच म्हणाली, "घालते हो, घालते." मग तिचे हात थांबले. ती वळेना. तिच्या पाठीकडे बघत तो बसून राहिला आणि चेहऱ्याची डावी बाजू त्याने हाताने चाचपली. ती जागेवर होती.

आई एकदाची वळली. त्याच्या चेहऱ्याकडे बघितलं, श्वास सोडला, बरणी घेऊन टेबलाशी आली आणि झाकण उघडून चिमूट उचलली. मग काय वाटलं तिला, कोण जाणे. चिमूट तिने बरणीत परत सोडली, त्याचा चमचा उचलला आणि त्याच्या ताटलीतलं सूप तोंडात घातलं.

तिचे डोळे मिटले. तोंड वेडंवाकडं झालं. तिने पदर तोंडाशी नेला आणि घोट त्यात थुंकला.

"काय झालं?"

"अरे," आई म्हणाली. तिला नीट बोलता येईना. "अरे, हे नुसतं मीठ आहे. तोंडात धरवत नाही."

तो हसला. "तुझं काहीतरीच. तुझीच जीभ गेली."

"माझी गेली? बघ, तूच बघ!" तिने आपल्या पातेल्यातला भाजीचा चमचा त्याच्यापुढे धरला. त्याने तो तोंडात घेतला. काही नाही. पाणी आणि धूर. तिच्या सैल हाताची भाजी, जिच्या भीतीने त्याने वेगळं पातेलं मांडलं होतं. त्याने पुन्हा आपलं सूप घेतलं. तेही पाणी, पण थोडं कमी पाणी. आणि मग सगळं एकाच वेळी त्याच्यावर कोसळलं. तहान, घोट्यांवरचे वळ, मॅडमचं यंत्र, ती कणभर आणि पुन्हा कणभर. जीभ शिकत नव्हती असं नाही. दिवसभर पांढऱ्या पेल्यांतून ती शिकतच होती, फक्त दुसरंच काही, आणि कधीपासून ते देवालाच माहीत. जिच्यावर घर चालत होतं ती केव्हाच आंधळी झाली होती आणि तो तिचा हात धरून रस्ता ओलांडत होता. शहरातल्या कुठल्याकुठल्या घरांत त्याने पास केलेली पाकिटं या घटकेला उकळत असतील हेही डोक्यात आलं, पण ते उद्याचं. आज त्याच्या पुढ्यात आई होती.

ती खुर्चीवर बसली होती, बाबांच्या. बरणी मांडीवर होती. "मी कधी चाखलंच नाही," ती म्हणाली.

"काय?"

"त्यांच्या ताटातलं. रोज अळणी म्हणायचे, रोज मी घालायची. मला वाटायचं, माझाच हात मिठाला आखडतो. म्हणून आधीच जास्त घालायला लागले, तरी म्हणायचेच. पण त्यांच्या ताटातला एक घास मी कधी चाखून बघितला नाही रे. चाखला असता तर कळलं नसतं का?"

त्याला खूप बोलायचं होतं. तुझा हात सैल नव्हता गं, हे तर आधी बोलायचं होतं. आपल्या घरात मोजायचा चमचा आहे का, हे विचारायचं होतं. गोळीचं पाकीट अजून खिशातच आहे, पाणी दे, हे सांगायचं होतं. पण तोंड उघडायची त्याला भीती वाटली. कानात ठोके पडत होते, आणि जिभेच्या टोकावर तो एक शब्द येऊन बसला होता, जाड, ओळखीचा, जायचं नाव न घेणारा. तोंड उघडलं आणि तोच बाहेर पडला तर? दुसरा पडलाच नाही तर?

"असा गप्प का बसलास?" आईचा आवाज चिरकला. ती उठून त्याच्यावर वाकली. "बोल ना रे. काहीतरी बोल."

त्याने ओठ उघडले. जीभ वर नेली, खाली आणली, जपून.

"आई," तो म्हणाला.

"काय रे?"

"काही नाही. म्हणून बघितलं."